विकलांगतेचा प्रकार: श्रवणदोष

मुक्याला वाचा देण्याइतकं पवित्र काम या पृथ्वीवर दुसरं नाही. हे वाक्य मी नाशिकमध्ये एका वर्षात सात वेळा ऐकलं. सातही वेळा ते व्यासपीठावरून आलं, आणि ते म्हणण्याआधी सातही पाहुण्यांनी माईकवर बोटाने टकटक करून समोर बसलेल्या शंभर कर्णबधिर मुलांना विचारलं, "हॅलो, हॅलो, मागपर्यंत ऐकू येतंय ना?" मुलं हसून हात हलवायची. टकटक करणाऱ्या माणसाला हात दाखवायचा, एवढं त्यांना शिकवून ठेवलेलं होतं. पाहुणे समाधानाने पुढे बोलू लागायचे.

मी या कामात शिरले त्यामागे पवित्र असं काही नव्हतं. मला एका जागी बसवत नसे, एवढंच. नव्वदचं दशक संपायला आलं होतं आणि मी बी.ए. होऊन घरी बसले होते, असं नातेवाईक म्हणायचे. प्रत्यक्षात मी कुठेच बसले नव्हते. द्वारका चौकातल्या टायपिंग क्लासात सहा महिने झाले, मग एका झेरॉक्सच्या दुकानात चार महिने, मग एका बालवाडीत एक सत्र. प्रत्येक ठिकाणी तिसऱ्या आठवड्यात माझा उजवा पाय हलायला लागे. खुर्चीवर बसलं की गुडघा आपोआप वरखाली. आई म्हणायची, "पाय नको हलवू, लक्ष्मी जाते." लक्ष्मी आमच्याकडे फार वेळा आलेली नसल्यामुळे मला त्याची भीती वाटत नसे.

आमची शेती शहराच्या कडेला होती. गुलाब, शेवंती, निशिगंध. आप्पा पहाटे मोपेडवर फुलांचे भारे बांधून बाजारात न्यायचे. घरात माणसं पुष्कळ, म्हणून मी दहावीपासून बी.ए.पर्यंतचा सगळा अभ्यास विहिरीवरच्या इंजिनाच्या खोलीत केला. डिझेल इंजिन धडधडत असे, भिंत थरथरत असे आणि त्या गोंगाटात माझा पाय मात्र शांत असे. जगात तेवढी एकच जागा मला माझ्यापेक्षा जास्त अस्वस्थ वाटत होती.

मग वर्तमानपत्रात जाहिरात आली: विशेष शिक्षणातलं बी.एड., एक वर्षाचं, श्रवणदोष विभाग, वीस जागा. मी अर्ज केला कारण ते एकच वर्ष होतं.

आप्पांना सांगितलं तेव्हा ते गुलाबाच्या काड्या सोलत होते. त्यांचा आवाज नेहमीच बांधापलीकडच्या माणसाशी बोलल्यासारखा.

"स्पेशल म्हंजी? साधं नाय भेटलं का?"

"साध्यापेक्षा वेगळं असतं, आप्पा. बहिऱ्या मुलांना शिकवायचं."

"कोनाला?"

"बहिऱ्या मुलांना!"

"मंग वरडायची काय गरज हाय," आप्पा म्हणाले. "मला ऐकू येतंय."

*

कॉलेज आणि कर्णबधिर मुलांची निवासी शाळा एकाच आवारात होती. सकाळी आमची व्याख्यानं, दुपारी शाळेत सरावाचे पाठ. प्रत्येक पाठाचं टाचण आदल्या दिवशी लिहून सरांची सही घ्यावी लागे. टाचणाचा मथळा ठरलेला: विषय, घटक, इयत्ता, आणि चौथ्या ओळीत 'विकलांगतेचा प्रकार: श्रवणदोष.' ही ओळ लाल पेनने अधोरेखित केली नाही तर सर टाचण परत करत. आत काय लिहिलंय ते वाचताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. वर्षअखेरीला अशी अवस्था झाली की किराण्याची यादी करताना माझ्या बाकावरच्या ताईंनी डाळीच्या वर चौथ्या ओळीत श्रवणदोष लिहिलं होतं. या ताई सटाण्याकडच्या, दोन मुलांची आई, घरी अहिराणी आणि कॉलेजात अतिशय जपून शुद्ध बोलणाऱ्या.

आमच्या कॉलेजात हातवाऱ्यांना बंदी होती. मुलांनी ओठ वाचायचे आणि तोंडाने बोलायचं. हात वापरले तर वाचा आळसावते, असं सर हात हलवून समजावत. सरांसमोर मुलांचे हात मागे बांधलेले असायचे आणि त्यांची पाठ वळली की बाकांखाली हातांच्या धुवांधार गप्पा चालायच्या.

बोलायला शिकवण्याचं आमचं मुख्य साहित्य म्हणजे आरसा आणि कागदाची पट्टी. प, ब आणि म ही अक्षरं ओठांवर अगदी सारखी दिसतात. बघणाऱ्याला 'पापा', 'बाबा' आणि 'मामा' यांत काही फरक कळत नाही. म्हणून ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची. 'प' म्हटलं की पट्टी उडते. 'ब' म्हटलं की गळा थरथरतो, तिथे मुलाचा हात ठेवायचा. 'म'ला नाक. मी दिवसातून दोनशे वेळा 'प' म्हणत असे. घरी जेवताना पापड मागितला की आई म्हणायची, पापडावर एवढा कशाला जीव टाकतेस.

माझ्या वाट्याला सुरगाण्याकडची एक नऊ वर्षांची मुलगी आली होती. आईबाप हंगामात द्राक्षांच्या कामाला उतरायचे, ही वसतिगृहात. डोळे असे की तुमच्या खिशातली वस्तूही वाचतील. तिच्यासमोर मी तीन महिने पट्टी धरली. पाणी म्हण, म्हटलं की ती 'मामी' म्हणे, आणि मग माझा चेहरा बघून स्वतःच हसे. अखेर तिला एक शब्द स्वच्छ आला. त्यात प दोनदा होता म्हणून आला: पापड. पट्टी दोनदा उडाली. मी एवढी खूश झाले की शिपाईमामांना बोलावून तिला परत म्हणायला लावलं. मामांनी टाळ्या वाजवल्या. तिने टाळ्यांकडे नीट लक्ष दिलं, हे मला नंतर कळलं.

मुलांनी सगळ्या शिक्षकांना हाताची नावं ठेवली होती, बाकांखालची. मुख्याध्यापिकांना, म्हणजे मोठ्या बाईंना, चष्म्याची साखळी. सरांना लाल पेन. माझं नाव असं: दोन बोटं गुडघ्यासारखी वाकवायची आणि भरभर हलवायची. माझा पाय हलला की बाक थरथरायचा आणि बाक थरथरला की अख्खी रांग वळून माझ्याकडे बघायची. ऐकू येणाऱ्यांच्या जगात माझी अस्वस्थता आई सोडली तर कोणाच्या लक्षात येत नव्हती. या मुलांना ती रोज बुडाखाली जाणवत होती. पुढच्या दोन वर्षांत माझं नाव अनेक कागदांवर लागायचं होतं. चूक नसलेलं नाव तेवढं हेच.

*

परीक्षेचा फॉर्म आला तेव्हा आम्ही वीसही जणांनी तो एका दुपारी, सरांच्या देखरेखीखाली भरला. नवव्या रकान्यात विचारलं होतं: 'विकलांगतेचा प्रकार.' वीस जणांनी पेन उचललं आणि लिहिलं: श्रवणदोष. मी लाल पेनने अधोरेखितही केलं. रकान्याच्या कडेला बारीक अक्षरात 'असल्यास' असं छापलेलं होतं. ते कोणी वाचलं नाही. सरांनी वीसही फॉर्म तपासले आणि सही केली.

परीक्षेला आमचं केंद्र शहरातल्या एका मोठ्या कॉलेजात होतं. आमची बैठक तळमजल्यावर, वेगळ्या खोलीत. आम्हाला वाटलं, स्पेशल म्हणून.

पर्यवेक्षक वयस्कर गृहस्थ होते. आत आले, एक शब्द न बोलता फळ्यावर लिहिलं, 'सुप्रभात.' मग हाताने खाली बसायची खूण केली. मग उत्तरपत्रिका उंच धरून दाखवली, आणि आसनक्रमांक लिहायचा म्हणून स्वतःच्या तळहातावर बोटाने आकडे काढले. आम्ही एकमेकांकडे बघितलं. बिचारे मुके असावेत. एका विकलांग व्यक्तीला एवढ्या जबाबदारीचं काम दिलंय याचं आम्हाला कौतुक वाटलं. वर्षभर शिकलेलं सगळं आम्ही वापरायला घेतलं. चेहरा त्यांच्याकडे, ओठ पूर्ण उघडायचे, वाक्य छोटं.

"सर. मला. पुरवणी. हवी," मी आवाज न काढता म्हटलं.

त्यांनी माझ्या ओठांकडे दयेने पाहिलं आणि पुरवणी दिली.

हे पहिला तासभर चाललं. एकवीस ऐकू येणारी माणसं एकमेकांशी अत्यंत प्रेमाने मूकपणे वागत होती. शेवटी सटाण्याच्या ताईंच्या पेनमधली शाई उत्तरपत्रिकेवर सांडली आणि घाबरून त्यांच्या तोंडून घरची भाषा बाहेर पडली, "ओ सर, तुमले बोलता येस का?"

सर दचकून खुर्चीवर बसले. "अहो, तुम्हाला बोलता येतं?"

"आम्हाला येतं. तुम्हाला?"

"मला येणारच ना! मी मराठीचा प्राध्यापक आहे!"

त्यांनी खिशातून आदेश काढून दाखवला. 'वीस कर्णबधिर परीक्षार्थी. स्वतंत्र कक्ष. सूचना लेखी व खुणांनी द्याव्यात. अर्धा तास जादा.' आम्ही हसलो. तेही हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "पण आदेशात आहे तर अर्धा तास मला द्यावा लागेल. मी ठरवणारा कोण?"

आता खरं सांगायला हवं. आम्ही वीस जणांपैकी एकानेही उठून 'नको' म्हटलं नाही. माझा शेवटचा प्रश्न राहिला होता, श्रवणमापनाचा. तो मी त्या अर्ध्या तासात पूर्ण केला. आलेखात उजवा कान लाल गोलाने आणि डावा निळ्या फुलीने दाखवायचा असतो. मी दोन्ही व्यवस्थित काढले. पुढच्या पाचही पेपरांना आम्हाला अर्धा तास जादा मिळाला, आणि पाचही वेळा आम्ही तो घेतला.

*

निकाल चांगला लागला. मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. शाळेत तोवर मी तासिकेवर शिकवू लागले होते.

"जागा मंजूर झालीय. कायम," त्या म्हणाल्या. "पण दिल्लीच्या परिषदेचा नोंदणी क्रमांक लागतो. तो असल्याशिवाय विशेष शिक्षक म्हणून तुम्हाला फळ्याला हात लावता येत नाही, कायद्याने. जुलैअखेर क्रमांक आणा."

"नाही आला तर?"

"तर जागा दुसऱ्या शाळेला जाईल. तुम्ही झेरॉक्सला."

मोठ्या बाईंना माझा सगळा इतिहास माहीत होता.

पहिल्यांदाच असं झालं होतं की मला एखाद्या ठिकाणाहून जायचं नव्हतं. तिसरा आठवडा कधीच उलटला होता. पाय हलत होता, पण कंटाळ्याने नाही. सुरगाण्याची मुलगी आता 'ब'च्या जवळ आली होती. मी गेले असते तर तिच्यासमोर पुन्हा कोणीतरी 'प'पासून पट्टी धरली असती.

दिल्लीला अर्ज पाठवला. मे गेला. मी पोस्टमनच्या वेळेला फाटकात उभी राहायला लागले. मग त्याच्या वाटेवर पुढे जायला लागले. एकदा तर तो मला थेट पोस्टाच्या दारात भेटला आणि म्हणाला, "ताई, तुमीच वाटा ना पत्रं."

जूनमध्ये हिंदीत पत्र आलं. गुणपत्रिकेनुसार आपण विकलांग उमेदवार आहात, तरी आपले विकलांगता प्रमाणपत्र जोडलेले नाही. जोडावे. तोवर प्रकरण प्रलंबित.

मी विद्यापीठात गेले. खिडकीतल्या साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, फाइल काढली, विचारलं, "जादा अर्धा तास घेतला होता?"

"घेतला."

"सहाही पेपरांना?"

"हो."

"मग?"

त्यांनी फाइल माझ्याकडे फिरवली. दुरुस्ती करायची तर अर्धा तास परत करावा लागेल, आणि तो कसा करायचा याची त्यांच्याकडे तरतूद नव्हती. "त्यापेक्षा तुम्हाला ऐकू येतं असं डॉक्टरांचं लिहून आणा," ते म्हणाले. "बघू."

*

सरकारी दवाखान्यात अपंगत्व तपासणीचा वार बुधवार. जुलैचे दोन बुधवार उरले होते. आप्पा मला मोपेडवर घेऊन गेले. बाकावर रांग होती. कुबड्या, पाठुंगळीला मुलं, कानाला हात लावून बसलेली म्हातारी माणसं. माझा नंबर आला तेव्हा टेबलामागच्या कारकुनाने मान वर केली.

"काय येत नाही? डोळा, कान, पाय?"

"सगळं येतं. तसंच लिहून हवंय. ऐकू येतं म्हणून."

मी पुढे केलेलं दिल्लीचं पत्र वाचून त्याने पेन खाली ठेवलं. "मॅडम, ऐकू येतं असं सर्टिफिकेट आम्ही देत नाही. येत नाही असंच देतो."

"पण येतं ना!"

"ते चांगलंच आहे. पण त्याचा फॉर्म नाही." मग जरा पुढे झुकून, "बाहेर लोक पाया पडतात या कागदासाठी. तुमचं दिल्लीत आपोआप झालंय. असू द्या की. एस.टी.ला सवलत मिळेल."

मागून आप्पा म्हणाले, "काय म्हन्तोय तो?"

मला एक क्षण मोह झाला. एका खोट्या टक्केवारीने माझा क्रमांक आठवड्यात आला असता. पण बाकावरचा एक म्हातारा माझ्याकडे बघत होता. तो पहाटेपासून बसला होता, आणि त्याला ज्यासाठी बसावं लागलं होतं ते मला नको असून मिळत होतं. मी म्हटलं, "तपासा. मशीन जे म्हणेल ते लिहा."

काचेच्या खोलीत बसवून कानांवर हेडफोन चढवले. आवाज आला की बटण दाबायचं. आयुष्यात एवढं मन लावून मी काही ऐकलं नसेल. प्रत्येक बारीक टीक मला हवी होती. थोड्या वेळाने तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी दार उघडलं.

"मी अजून मशीन चालू केलेलं नाहीये," त्या म्हणाल्या. "तुम्ही नऊ वेळा बटण दाबलंत. आणि तो पाय थांबवा, खुर्चीचा आवाज माईकमध्ये येतोय."

दुसऱ्यांदा नीट झालं. त्यांनी आलेख काढला. लाल गोल सरळ रेषेत चालले. निळ्या फुल्याही चालल्या, आणि शेवटच्या दोन जराशा खाली घसरल्या. मला आलेख वाचता येत होता: फुली खाली घसरली म्हणजे तेवढं कमी ऐकू येतं. त्या दोन फुल्यांकडे मी बघतच राहिले.

"लहानपणी कारखान्याजवळ राहायचात का?"

"विहिरीवरच्या इंजिनाजवळ अभ्यास करायचे. डावीकडे असायचं ते."

"किती वर्षं?"

"दहावी ते बी.ए."

"फार नाही बिघडलं. मोजण्यात धरत नाही आम्ही हे." मग त्यांनी दारातून बाहेर बघितलं. "ते इंजिन चालवायचं कोण?"

बाहेर आप्पा शेजारच्या माणसाला शेवंतीचा भाव सांगत होते. पूर्ण आवारात तो कळत होता.

"त्यांनाही आणा एकदा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मी वर्षभर शिकून सहा पेपर लिहिले होते. श्रवणदोषाची लक्षणं मला क्रमाने पाठ होती: मोठ्याने बोलणं, परत विचारणं, ऐकू येत असल्याचं ठासून सांगणं. ज्या माणसाच्या मोपेडवर बसून मी परीक्षेला गेले होते त्याच्यात ती सगळी होती, आणि मला वाटत होतं, शेतकरी आहेत, बोलतात तसं. घरी जाताना मी त्यांना हळूच विचारलं, मग मोठ्याने विचारलं. ते म्हणाले, "मला काय झालंय? लोकच हळू बोलाया लागलेत."

ऐकू येतं असा फॉर्म खरोखरच नव्हता. म्हणून माझा निकाल नेहमीच्याच छापील विकलांगता प्रमाणपत्रावर लिहिला गेला. उजवीकडे फोटो, फोटोवर शिक्का. विकलांगतेचा प्रकार: श्रवणदोष. विकलांगतेचे प्रमाण: शून्य टक्के. तीन डॉक्टरांच्या सह्या. या कागदाने काय होणार, असं वाटून मी तो दुरुस्तीच्या विनंतीसह दिल्लीला पाठवला. तिथे बहुधा फक्त प्रमाणपत्र जोडलंय की नाही एवढंच बघितलं गेलं. जुलैच्या शेवटच्या शनिवारी नोंदणी क्रमांक आला. माझ्या आडनावात एक काना कमी होता. मोठ्या बाईंनी पत्र हातात घेतलं, क्रमांक रजिस्टरात उतरवला आणि मला नवा खडू दिला.

ऑगस्टमध्ये शाळेत समारंभ झाला. पाहुणे आले, माईकवर टकटक झाली, मुलांनी हात हलवले, पवित्र कामाचं वाक्य आठव्यांदा झालं. नंतर पाहुण्यांनी सुरगाण्याच्या मुलीला जवळ बोलावलं आणि विचारलं, "बाळ, मोठेपणी तू कोण होणार?"

तिने त्यांच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं आणि खणखणीत सांगितलं, "पापड."

मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुण्यांनी डोळे टिपले. ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि बाकाखाली हातांनी मला सांगितलं: मिशा ओठांवर आलेल्या, काही दिसलं नाही. म्हणून टाळ्यांचा शब्द दिला. मीही बाकाखालीच उत्तर दिलं. आम्हा दोघींचंही बोलणं नियमाबाहेरचं होतं.

दिल्लीची ती नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. माझ्या फाइलमध्ये एकदा विकलांगता प्रमाणपत्र लागलेलं असल्यामुळे दरवेळी तेही ताजं मागतात. मी बुधवारी रजा टाकते, रांगेत बसते, काचेच्या खोलीत जाते. आतापर्यंत दोनदा गेले. दोन्ही वेळा शून्यच भरलं.